एक जुलैचे एकशे सतरा

गावाचं नाव सांगत नाई. आंजीहून पुढं आलं की डाव्या हाताले लागते, एवढं पुरे. नाव सांगतलं तं लोक म्हणतीन शोभाबाईनं गावाची इज्जत काढली. ज्याची काढाची होती त्याची मी समोरासमोर काढलेली हाये. बाकीच्याईचं काय घेणं-देणं?

आमचं दुकान एसटी स्टँडवर होतं. ग्रामपंचायतीचे चार गाळे, त्यातला पह्यला आमचा. किराणा, वह्या, पेन, बिस्किटं, पानाचं सामान. आमचे हे, म्हणजे पुंडलिकराव, हिंगणघाटच्या मिलमधून घरी बसले तेव्हापासून घर त्या गाळ्यावरच चालत होतं. पोरगी सपना वर्ध्याले नर्सिंगले, तिचं होस्टेल बी त्या गाळ्यावरच.

गाळ्याच्या दाराजवळ भिंतीले मी एक फळा टांगला होता. शाळेनं भंगारात काढलेला. मी मागून आणला, टॉर्चच्या जुन्या सेलातलं काळं अन् पाल्याचा रस लावून पुन्हा काळा केला. एक्याण्णव सालची गोष्ट. त्या दिवसापासून रोज सकाळी सहाच्या आत मी त्याच्यावर लिहीत आली. वर तारीख, खाली ‘आजचा दिनविशेष’. तीन ओळी घटनांच्या, दोन-तीन जन्म, एखादं मरण. साडेसहाची वर्धा गाडी येईपर्यंत लोक उभे राहून वाचत. वाचता वाचता कोणाले बिडी आठवे, कोणाले चहापत्ती. पोलीस भरतीवाले पोट्टे वहीत उतरवून घेत. ज्याले वाचता येत नसे तो विचारे, “आज कोण जलमलं वो शोभाबाई?” मंग मी गल्ल्यावरून वरडून सांगत जाय.

खोटं लिहाचं नाई, हा माया फळ्याचा कायदा. पेपरात आलं अन् कॅलेंडरच्या मागं बी आलं, किंवा भरतीच्या गाईडात आलं, असं दोन जागी सापडलं तरच लिहाचं. एकदा घाईत एका जित्या पुढाऱ्याले मी मेलेल्यात टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पह्यली ओळ लिहिली: ‘काल वारलेले गृहस्थ जिवंत आहेत, क्षमस्व.’ लोक हसले. हसो बापा, पण चूक झाली तं झाली म्हणाची हिंमत पाह्यजे.

दोन हजार तीन सालचा जून होता. कैलास दुकानावर आला. कैलास म्हणजे अण्णाजीचा माणूस, त्याईची मोटारसायकल चालवणारा, पंचवीस-सव्वीसचा बाप्या. अन् अण्णाजी म्हणजे सरपंचबाईचे मालक. सरपंच विमलाबाई होत्या, पण त्याईले ग्रामपंचायतीची पायरी सह्या कराले तेवढी दिसे. बोट अण्णाजी ठेवत, सही विमलाबाई करत. बाकी सारं गाव अण्णाजीच चालवून राह्यले होते.

कैलासनं खिशातून चिठ्ठी काढली. “काकू, एक जुलैले अण्णाजीचा पन्नासावा बड्डे हाये. फळ्यावर सगळ्यात वर हे टाकजा.”

मी चिठ्ठी वाचली. ‘गावाचे भाग्यविधाते, तरुणांचे प्रेरणास्थान, माननीय अण्णाजी यांचा जन्म.’

“हे छापून कुठं आलं रे कैलास?”

“फ्लेक्सवर येऊन राह्यलं नं. वर्ध्याले टाकलं हाये छपाईले. दहा बाय वीस.”

“ते त्याईनं सोताच छापलं. दुसरीकडं?”

मी चिठ्ठीची घडी करून त्याच्या खिशात ठेवली अन् म्हटलं, “सांगजो, शोभाबाई नाई म्हणते.” त्याचं तोंड पाहाण्यासारखं झालं. नाई हा शब्द अण्णाजीपर्यंत नेऊन पोचवाचा म्हणजे त्याच्यावर बी संकटच होतं, हे मले कळत होतं. पण म्हणून काय मी हो म्हणू?

दुसऱ्या दिवशी अण्णाजी सोता आले. पांढरे कपडे, कपाळावर गंध, आवाज असा का कोणाले वाटावं सोयरीक जुळवाले आले. स्टुलावर बसले. चहा मागवला, तो बी माया खात्यातून.

“शोभाबाई, एक जुलैले कोण कोण हाये तुमच्या फळ्यावर?”

मी वही उघडली. दरसाल लिहीत होती, तोंडपाठच होतं. “वसंतराव नाईक हायेत, त्याईच्या नावानं कृषी दिन. बिधानचंद्र रॉय, त्याच तारखेले जन्मले अन् त्याच तारखेले गेले, मोठे डॉक्टर. बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया. इंग्लंडची डायना. एकोणीसशे नऊ साली मदनलाल धिंग्रानं लंडनमधी साहेबाले गोळी घातली, ते बी एक जुलैलेच. अन् स्टेट बँक निघाली.”

“ती डायना आपल्या कोण कामाची?” अण्णाजी हसले. “आपल्या गावात हातपंप तिनं आणला का मी आणला?”

“हातपंप सरकारनं आणला. तुम्ही सोताच्या दारात बसवला.”

हे मी बोलाले नव्हतं पाह्यजे. आमचे हे मागं साखर तोलून राह्यले होते, त्याईच्या हातातलं माप थांबलं. पण माई जीभ अशीच हाये, तोंडात राहातच नाई.

अण्णाजी तरी हसतच होते. “एक ओळ लिहाले तुमचं काय जाते?”

“तुम्ही एक जुलैचेच हा, हे तरी कोणं पाह्यलं अण्णाजी?”

“शाळेच्या दाखल्यावर हाये.”

“दाखल्यावर तं अर्ध्या गावाचं हाये.”

आता त्याईचं हसणं गेलं. चहाचा कप खाली ठेवला अन् उठता उठता म्हणाले, “गाळ्याचा करार तीस जूनले संपून राह्यला, ध्यानात हाये नं? ठराव घ्याचा हाये. स्टँडवर गाळा पाह्यजे म्हणणारे लय हायेत.” अन् गेले.

जेवाले बसलो तं आमच्या ह्याईनं ताट बाजूले सारलं. “लिहून टाक नं बाई एक ओळ. खडू तं हाये. उद्या पुसून जाईन.”

“उद्या पुसून जाईन, पण उद्यापासून माया फळ्यावर कोण विश्वास ठेवन?”

“विश्वासानं सपनाची फी भरली जाते का?”

त्याईचं खोटं नव्हतं. मिल सुटली तेव्हा हा माणूस सहा महिने खाटेवर छताकडं पाहात पडला होता, ते मी पाह्यलं हाये. गाळा गेला तं पुन्हा तेच होईन अशी भीती त्याईच्या डोळ्यात दिसत होती, अन् ती भीती मले बी होती. तीन दिवस मी मनात त्या ओळीची जुळवाजुळव केली. ‘भाग्यविधाते’ काढू, ‘प्रेरणास्थान’ काढू, नुसतं नाव लिहू. एवढ्यापर्यंत मी आली होती, लपवत नाई.

पण मंग मले त्या तारखेचाच राग येऊ लागला. आमच्याकडं पह्यले शाळा उन्हाळ्यानंतर एक जुलैले उघडे. गुरुजी घरोघरी फिरत, पोट्टे गोळा करत. पोट्ट्याचा उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाले लावत. हात कानाले पोचला का सहा वर्षं झाले असं समजत. नाई पोचला तं पुढच्या साली ये. जन्मतारीख मायबापाले विचारली तं माय म्हणे कापूस वेचून राह्यली होती तेव्हा झाला, बाप म्हणे मोठा पूर आला त्या साली. गुरुजी कशाले हिशेब लावत बसते? त्याईनं सहा वर्षं मागं मोजले अन् एक जुलै टाकून दिली. झालं. ज्याले विचारा तो एक जुलैचा. मी बी एक जुलैची. आमचे हे बी एक जुलैचे. माई माय सांगे, तू दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी झाली, मले करंजी खाऊ देली नाई कोणं. म्हणजे माया खरा दिवस होता, मायले त्या दिवशीची करंजीसुद्धा याद होती, अन् कागदावर तो कुठंच नाई. हे मनात आलं का मले रडू येई अन् लगेच संताप येई. एका सपाट्यात आम्हा साऱ्याईचे जन्म गुरुजीनं एका दिवसात कोंबले, अन् आता तो दिवस बी एकट्या अण्णाजीले पाह्यजे. वा रे वा.

मी दुसऱ्या दिवसापासून गल्ल्यावर एक कोरी वही ठेवली. जो गिऱ्हाईक येईन त्याले विचारावं, “तुमची दाखल्यावरची तारीख काय?”

“एक जुलै. काऊन वो?”

“अशीच. नाव सांगा पूर्ण.”

बंडूजी पिठाची गिरणीवाले, एक जुलै. त्याईची बायको, एक जुलै. तानबा, गावाचे गुरं चारणारा, तिसरीपर्यंत शिकलेला, एक जुलै. पोस्टमन, एक जुलै. एसटीचा कंट्रोलर वर्ध्याचा होता तरी एक जुलैचाच निघाला, पण गावचा नाई म्हणून मी त्याले घेतलं नाई. तो बिचारा नाराज झाला. लोकाईले सुरुवातीले गंमत वाटली, मंग त्याईलेच चेव चढला. घरी जाऊन ट्रंकातून दाखले काढून आणू लागले. एक बाई चुलीच्या धुरानं पिवळा झालेला दाखला पदरात बांधून आली, अन् मी वाचून दाखवला तं म्हणाली, “म्हणजे मी बी त्याच दिवसाची? माया नवरा मले कधी बोलला नाई.” मी म्हटलं, त्याले तरी कुठं माहीत.

तीस तारखेच्या संध्याकाळी मोजले. एकशे सोळा. अण्णाजीचं नाव मी सोताच मधी टाकून ठेवलं होतं, ते धरून एकशे सतरा.

आमच्या ह्याईनं वही पाह्यली. बराच वेळ पानं उलटवत राह्यले. “तू हे लिहिणार हायेस?”

“लिहिणार.”

“अन् गाळा?”

मी वही मिटली. ते उठले, मी म्हटलं आता माणूस घरी जाऊन खाटेवर पडते. तं पडले नाई. खडूचा डबा पाहून आले अन् म्हणाले, “एवढे खडू पुरणार नाईत.” अन् शाळेच्या वस्तूंच्या फळीवरून नवा डबा काढून ठेवला.

त्याच वेळी धुरपतामावशी आली. साठीची बाई, गावाबाहेर ओढ्याकाठी तिचा भाजीचा मळा. रोज वांगी, सांभाराच्या हिरव्या जुड्या, पालक टोपल्यात भरून साडेसहाच्या गाडीनं वर्ध्याले नेई. तंबाखूची पुडी घ्याले आली होती. मी सवयीनं विचारलं, “मावशी, तुई तारीख काय?”

“मले कुठून तारीख वं? मी शाळेत गेली कवा?”

दहा दिवस मी गावभर सांगत सुटली होती का साऱ्याईवर अन्याय झाला, साऱ्याईचे जन्म खोटे लिहिले. अन् ही बाई तं त्या खोट्यात बी नव्हती. अशा किती बाया असतीन गावात. मले माईच शरम वाटली. मी म्हटलं, “मावशी, मंग तुयं नाव नाई बसत याच्यात. हे दाखलेवाल्याईचं हाये.”

“नाई तं नाई,” मावशी म्हणाली. “मले काय त्याचं लोणचं घालाचं हाये?” अन् पुडी घेऊन गेली.

एक जुलैले पहाटे पाचले आम्ही दोघं स्टँडवर. वर मी तारीख लिहिली. मंग वसंतराव, बिधानचंद्र, बासरीवाले, डायना, धिंग्रा, स्टेट बँक, कोणाले काढलं नाई. त्याच्या खाली लिहिलं: ‘शाळेच्या दाखल्यावरून आज जन्मलेले गावकरी.’ अन् नावं सुरू केली. ज्या क्रमानं वहीत आली त्याच क्रमानं. चाळीस नावात फळा भरला. मंग गाळ्याची गेरूची भिंत. ती पंचायतीची भिंत, तिच्यावर लिहिणं म्हणजे आपल्या हातानं त्याईले कारण देणं हे मले माहीत होतं. थांबली मी थोडी. तं आमच्या ह्याईनं माया हातातला खडू घेतला अन् एक्केचाळिसावं नाव त्याईनंच लिहिलं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं हाये त्याईचं, मिलमधी कापडाच्या गठाणींवर नंबर टाकत होते. बासष्टावं नाव तानबा, त्रेसष्टावं अण्णाजी, चौसष्टावी गिरणीवाल्याची सून. एकशे सतरा झाले तेव्हा भिंत थेट कोपऱ्यापर्यंत गेली होती.

सहा वाजता लोक याले लागले अन् मंग गर्दी हटेचना. लोक नावं शोधून राह्यले होते. ज्याईले वाचता येत नव्हतं ते पोट्ट्याले धरून विचारत, मायं कुठं हाये. सापडलं का त्या जागी बोट ठेवून उभे. पोस्टमन सायकल धरून तसाच उभा, डाक पडली हाये तिकडं. तानबा गुरं सोडून आला, अन् गुरं पंचायतीच्या आवारात शिरले. कोणी कोणाले शुभेच्छा देऊन राह्यलं होतं, “हॅपी बड्डे बंडूजी.” “तुमाले बी.” साडेसहाची गाडी आली अन् पाऊण तास थांबली, कारण ड्रायव्हरले बी मजा येऊन राह्यली होती.

फ्लेक्स स्टँडच्या समोर लागलं होतं, दहा बाय वीस, अण्णाजी हात जोडून. त्याच्याकडं लोकाईची पाठ होती.

आठ वाजता जीप आली. केक कापाची तयारी पंचायतीत होती. अण्णाजी खाली उतरले, भिंत पाह्यली, वाचत वाचत त्रेसष्टपर्यंत आले. त्याईचा चेहरा पाहून मले भीती वाटली, खरं सांगते. पण मी दारातून हटली नाई.

“हे काय हाये?”

“दाखल्यावरून लिहिलं. तुम्हीच म्हणाले होते, दाखल्यावर हाये.”

“मायं नाव त्या गुराख्याच्या खाली?”

“वहीत तो आधी आला. तुम्ही त्याच्या मागं.”

कोणीतरी मागून हसलं. अण्णाजीनं मागं न पाहाता म्हटलं, “कैलास. पूस.”

कैलासनं जीपमधून फडकं काढलं. स्टँडवरच्या टाकीच्या नळाखाली ओलं केलं. भिंतीजवळ आला अन् कोपऱ्यापासून पुसाले लागणार तं हात थांबला. एकशे चौदावं नाव त्याच्या मायचं होतं, चुलीच्या धुरातला दाखला घेऊन आलेली बाई तीच. एकशे पंधरावं त्याचं सोताचं. मायनंच लिहून घेतलं होतं. तो तिथंच उभा राह्यला, फडक्यातून पाणी त्याच्या बुटावर गळत होतं.

“पूस म्हटलं नं बे.”

फडकं कैलासनं खाली बी ठेवलं नाई, भिंतीले बी लावलं नाई.

अण्णाजीनं फडकं हिसकावलं. ते भिंतीकडं गेले तं गर्दी मागं सरकली. हेच मले लागलं. आतापर्यंत हसणारे, बोट ठेवून उभे राहाणारे, सारे दोन पावलं मागं गेले. ज्याचं-त्याचं काही ना काही पंचायतीत अडकलेलं. कोणाचा घरकुलाचा कागद, कोणाचा नळ. मी त्याईले दोष देत नाई, पण मले त्या वेळी रडू आलं.

मागून धुरपतामावशी पुढं आली. गाडी तिनं सोडून देली होती, भाजीचं टोपलं स्टँडवर तसंच. ती भिंतीले पाठ लावून उभी राह्यली, अगदी अण्णाजीच्या नावासमोर.

“सरक वं बुढे,” अण्णाजी म्हणाले.

“नाई सरकत.”

“तुयं नाव हाये का याच्यात?”

“मायं नाव नाई. म्हणूनच उभी हाये. याईच्यातलं कोणी उभं असतं तं तू म्हणला असता, सोताच्या नावासाठी मरून राह्यलं. मले या भिंतीतून काहीच भेटत नाई. अन् तुया पंचायतीतून बी मले काही भेटलं नाई आतापर्यंत, तं तू मायं काय घेऊन जाशीन? पूस. मले बाजूले कर अन् पूस.”

एकटी बाई, डोक्याले चुंबळ तशीच. अण्णाजीनं हात उचलला असता तं साऱ्या गावासमोर साठ वर्षांच्या बाईच्या अंगाले हात लावला असं झालं असतं. तो तेवढा शहाणा होता. फडकं त्यानं माया पायाशी फेकलं. “शासकीय भिंत खराब केली. करार नाई. उद्या कुलूप.” जीप गेली. केक कोणं खाल्ला मले माहीत नाई.

गर्दीतले लोक मंग हळूहळू पुढं आले. कोणी माझ्याकडं पाहात नव्हतं. बंडूजीनं तेवढं म्हटलं, “शोभाबाई, आम्ही पाहू काहीतरी.” मले माहीत होतं कोणी काही पाहणार नाई.

दोन जुलैले सकाळी साडेपाचले आम्ही गेलो तं शटरले पंचायतीचं कुलूप लागलेलं. सामान आत. भिंतीवर पाणी मारून चुना फासला होता. फळा मात्र माया होता, तो काढून खाली ठेवलेला. कैलास बाजूच्या ओट्यावर बसून होता.

“सामान दुपारी काढू देतो काकू. फळा तुमचा हाये म्हणून मी ठेवून घेतला. अण्णाजीनं जाळाले सांगतलं होतं.”

“तू काऊन नाई जाळला?”

“नाई जाळला,” एवढंच म्हणाला अन् मोटारसायकल चालू करून गेला. कुलूप त्यानंच लावलं होतं, हे बी मी विसरली नाई.

आमचे हे कुलुपाकडं पाहात उभे. मी म्हटलं आता हा माणूस खचते. ते म्हणाले, “समोरच्या बाभळीखाली हातगाडी लागते. ती जागा पंचायतीची नाई, रस्त्याची हाये.” हे त्याईनं आधीच पाहून ठेवलं होतं. बारा वर्षं मी त्याले भित्रा म्हणत आली होती, तोंडावर नाई तरी मनात.

फळा आम्ही बाभळीले टेकवला. माया पदराच्या गाठीत खडूचा तुकडा होता. लोक जमाले लागले होते, पण दुरून. मावशी टोपलं घेऊन आली, वांगी वरती.

मी विचारलं, “मावशी, तू खरंच कधी झाली काही याद हाये का?”

“माय म्हणे मोहाची फुलं पडत होती. जंगलात वेचाले गेली अन् तिथंच कळा आल्या.”

“म्हणजे मार्चात. मार्चच्या एखाद्या तारखेले मी तुयं नाव लिहिते. खऱ्याच्या जवळचं होईन.”

मावशीनं टोपलं खाली ठेवलं. “मार्चपर्यंत कोण जगते, कोण मरते. आज लिही.”

“आज? आजचं खरं नाई नं मावशी.”

“तुयं एक जुलै खरं होतं का?”

बारा वर्षांत मले माया फळ्यावरून कोणं असं गप्प केलं नव्हतं. मी वर तारीख लिहिली, दोन जुलै. वही गाळ्यात अडकलेली, त्या दिवशी जगात दुसरं कोण जन्मलं ते मले काही आठवेना. म्हणून एकच ओळ लिहिली, फळाभर मोठ्या अक्षरात: ‘आज धुरपताबाईंचा जन्म. त्यांनी स्वतः सांगितल्यावरून.’

“कुठून कुठवर हाये मायं नाव?”

मी दाखवलं. तिनं त्या अक्षरावरून बोट फिरवलं नाई, हात भाजीचे मातीचे होते. नुसतं पाह्यलं, डोळे बारीक करून, नीट.

साडेसहाची गाडी आली. कंडक्टर खाली उतरला, सवयीनं फळ्याकडं गेला अन् मोठ्यानं वाचलं. “कोण हो ह्या धुरपताबाई?”

“मी,” मावशी म्हणाली. “टोपलं वर घे, अन् मले पुढं बसव. रोज मांगं बसून बसून कंबर गेली माई.”

कंडक्टरनं टोपलं उचललं. मावशी पुढच्या दारानं चढली, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एक मास्तर बसला होता त्याले उठवलं, अन् तिथं बसली.